‘ॲट’च्या आधीचं नाव

ताई, तुझ्या शोकसभेत मी चांगलं बोललो. सगळे तसंच म्हणाले. हेडसरांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तुझ्याबरोबर शिकवणाऱ्या दोघी बाया डोळे पुसत होत्या. मी म्हणालो, वंदनाताईनं मला वेबसाइटचा पत्ता वाचायला शिकवला. हे खरं आहे. त्याच्या पुढचं जे खरं होतं ते मी गिळलं, आणि तेव्हापासून अन्नाची चव गेली आहे.

माणूस गेल्यावर दुःख होतं म्हणतात. मला अजून किळसच येते आहे. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, तुझ्या भावानं सगळ्यांना जेवू घातलं, मी पानावरून तसाच उठलो. घरचे म्हणाले, सुभाषनं लई मनाला लावून घेतलं. मी त्यांना तसं समजू दिलं. हेही त्या गिळण्यातच आलं.

सभेच्या दिवशी सकाळी शाळेच्या ग्रुपवर तुझा फोटो फिरत होता. झेंडावंदनाच्या फोटोतून कापलेला, शेजारच्या बाईचा अर्धा खांदा तसाच राहिलेला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली दोन दिवे, आणि दिव्यांच्या खाली त्या एजंटचं नाव, त्याच्या खाजगी कॉलेजचं नाव, ‘प्रवेशासाठी येथे दाबा’ आणि एक लिंक. तोच एजंट, ज्याच्या कॉलेजात तुझ्या विद्यार्थिनीचं, रेणुकाचं, नाव परस्पर अडकलं होतं. हेडसरांनी तो फोटो न बघता आणखी दोन ग्रुपवर ढकलला. एजंट सभेला आला, दुसऱ्या रांगेत बसला. तुझ्या फोटोला हार घालताना मान वळवून फोटो काढणाऱ्या मोबाईलवाल्याकडं बघत थांबला. मोबाईलवाला ‘झालं’ म्हणेपर्यंत हात जोडून उभा राहिला. त्याचं ढोंग सगळ्यांना सांगावंसं वाटलं. पण उठून त्याला बोट दाखवायचं तर माझं बोट कुठं स्वच्छ होतं?

तर आता तुलाच सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

आपल्या आदिलाबादकडच्या बाजारहत्नूरच्या बसस्टँडजवळ मी ऑनलाइन सेंटर टाकलं तेव्हा मला टायपिंग येत होतं आणि लोकांचे फॉर्म भरता येत होते, एवढंच. तू हायस्कुलात गणित शिकवायचीस, आणि कॉम्प्युटरची खोली तुझ्या गळ्यात पडली होती, कारण तिची किल्ली घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आपली घरं वस्तीत भिंतीला भिंत लागून. लहानपणी तू माझे पाढे घ्यायचीस, पुढं मोठेपणीही तू मला शिकवतच राहिलीस. शाळा सुटली की सेंटरवर यायचीस, आणि गिऱ्हाईक नसलं की आपण प्रोग्रामिंगचे व्हिडिओ लावून बसायचो. मी घाईत पुढं पळवायचो, तू मागं घ्यायचीस.

तेव्हा लोक रोज मोबाईल पुढं करून विचारायचे, सुभाषभाऊ, ही लिंक खरी हाय का? शिष्यवृत्तीची, गॅसची, हॉलतिकिटाची. मी अंदाजानं सांगायचो. एकदा तू ते ऐकलंस आणि मला सगळ्यांसमोर म्हणालीस, “अंदाजानं काऊन सांगतं? वाच ना तो पत्ता.”

मला पत्ता वाचता येतो असंच मला वाटत होतं. तू कागद घेतलास आणि एक लांबलचक पत्ता लिहून त्याचे तुकडे केलेस. आधी एचटीटीपीएस, म्हणजे कोणत्या रीतीनं जायचं. दोन तिरक्या रेघा. मग पुढची एकटी तिरकी रेघ येईपर्यंत जे आहे ते यजमानाचं नाव, म्हणजे कोणाच्या घरी जायचं. त्यानंतर घराच्या आतली वाट. प्रश्नचिन्हानंतर तिथं जाऊन काय मागायचं ते. हॅशनंतर पानावरची जागा. आणि तू म्हणालीस, यातलं खरं-खोटं ठरवायला एकच तुकडा कामाचा, यजमानाचा, आणि तोही उजवीकडून वाचायचा. भैंसा गावात कोणी ‘आदिलाबाद क्लॉथ सेंटर’ नावाचं दुकान टाकलं तर ते आदिलाबादेत येत नाही. शेवटी कोणतं गाव लिहिलं आहे ते बघायचं.

त्याच दिवशी तू ‘ॲट’ची खूण दाखवलीस. यजमानाच्या नावाआधी ती खूण असली, तर तिच्या आधीचं सगळं जाणाऱ्यानं स्वतःचं म्हणून सांगितलेलं नाव असतं. तिथं कोणीही काहीही लिहू शकतो. खरं घर खुणेच्या नंतरचं. मी हसलो, म्हणालो असा पत्ता कोण देतो. तू म्हणालीस, “ज्याले फसवायचं हाय तो देते.”

त्यातून आपलं ते लिंक तपासायचं पान उभं राहिलं. लिंक चिकटवायची, बटण दाबायचं, यजमान खऱ्या वेबसाइटींच्या आपल्या यादीत असला तर हिरवं, नाहीतर लाल. वर मराठी, खाली तेलुगू, आपल्याकडं दोन्ही चालतात म्हणून. तेलुगू सगळं तुझं, कारण मी बाजारात बोलतो ती तेलुगू लिहिण्यासारखी नव्हे. कोड दोघांचा, म्हणजे तू लिहायचीस आणि मी बिघडवायचो. पत्त्याचे तुकडे पाडायला मी माझी जुगाडी रीत वापरली होती, इथून कापा, तिथून कापा. तू ती सगळी पुसलीस आणि पायथनमध्ये त्यासाठी तयार असलेलं फंक्शन बसवलंस. मला राग आला होता. तू म्हणालीस, आपल्याला सुचणार नाहीत असे शंभर पत्ते ते लिहिणाऱ्यांनी आधीच पाहिलेत, आपण शहाणपणा करू नये.

भांडण आपलं एकच होतं, आणि ते राहूनच गेलं. तुला ते पान म्हणजे शिकवायचं साधन पाहिजे होतं. हिरव्या-लालच्या आधी पत्त्याचे तुकडे वेगवेगळ्या रंगांत दिसावेत, माणसानं स्वतः वाचावेत. मी म्हणायचो, लोकांना बटण पाहिजे, व्याकरण नको. तू म्हणायचीस, “बटण दाबणारा दुसऱ्याच्या डोळ्यानं पाह्यते. दुसऱ्याचा डोळा फुटका निघाला त?” मी तुला मास्तरीण म्हणून चिडवायचो.

मग तो प्रवेशाचा उन्हाळा आला. बारावीचे निकाल लागले होते, सेंटरवर पोरापोरींची आणि त्यांच्या बापांची रांग होती. लोक लिंक अर्धीच चिकटवायचे, सुरुवातीचं एचटीटीपीएस गाळून. तसं केलं की ते फंक्शन यजमानाचा रकाना रिकामा सोडायचं आणि सगळा पत्ता वाटेच्या रकान्यात टाकायचं. त्यामुळे खऱ्या सरकारी वेबसाइटीही लाल दिसायला लागल्या. लोक माझ्यावर ओरडायला लागले. मी तुला फोन केला. तू ट्रेनिंगला मंचेरियलला होतीस. तू म्हणालीस, सुरुवातीला एचटीटीपीएस नसलं तर आधी दोन तिरक्या रेघा जोड आणि मग फंक्शनला दे, दोन ओळींचं काम आहे, नीट कर, नाहीतर मी उद्या येते तोवर पान बंद ठेव.

मी पान बंद ठेवलं नाही आणि त्या दोन ओळीही लिहिल्या नाहीत. एकच लिहिली. पत्त्यात कुठंही सरकारी वेबसाइटचं नाव सापडलं की हिरवं. लगेच सगळं चालायला लागलं. ओरडा थांबला, एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. नंतर काढू म्हणालो आणि विसरलो. विसरलो असं मी दीड वर्ष स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे काढायचा कंटाळा केला, आणि तुला दाखवायची लाज.

रेणुका तुझ्या हायस्कुलातून दहावी झालेली, बारावीला चांगले मार्क पडलेली. तिला आदिलाबादच्या सरकारी कॉलेजात जायचं होतं. तिच्या मोबाईलवर एक लिंक आली, प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती पक्की करा म्हणून. पोरगी तुझ्या हाताखालची, तिनं तसंच उघडलं नाही. आपल्या पानावर तपासलं. आपलं पान हिरवं झालं. मग तिनं हॉलतिकीट नंबर घातला, मोबाईलवर आलेला ओटीपी घातला. दोन दिवसांनी तो एजंट पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या घरी गेला. अभिनंदन म्हणाला, तुमच्या मुलीनं आमचं कॉलेज निवडलं. तिच्या नावावर सगळ्या पसंत्या त्याच्याच कॉलेजच्या पडल्या होत्या, आणि बदलायची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. लिंक कोणी पाठवली मला काय ठाऊक, म्हणाला तो. सिद्ध काही झालं नाही. तिच्या बापानं, मारोतीभाऊनं, त्या कॉलेजात पाठवायला साफ नकार दिला. पोरगी वर्षभर घरी बसली.

त्या लिंकमध्ये आधी सरकारी वेबसाइटचं नाव होतं, अक्षरन्‌अक्षर बरोबर. मग ‘ॲट’. मग भलतंच काहीतरी.

मारोतीभाऊ शाळेत आला तेव्हा मी तिथंच होतो, कॉम्प्युटरच्या खोलीत तुझा प्रिंटर बघत. तो ओरडला नाही. मोबाईल टेबलावर ठेवून म्हणाला, “बाई, तुमच्या पानानं हिरवं दाखवलं. पोरीनं तुमच्यावर भरोसा केला.” तू लिंक पाहिलीस. तुझा चेहरा कसा झाला ते मला दिसलं. मी प्रिंटरमध्ये डोकं घातलं. तू म्हणालीस, “प्रोग्राम माझा हाय, दादा. चूक माझी हाय.”

तेव्हा माझ्या हातात अडकलेला कागद होता. तो मी किती काळजीनं काढला, एक तुकडा आत राहू नये म्हणून. त्या कागदाची आठवण झाली की मला स्वतःच्या बोटांची शिसारी येते.

हेडसरांनी त्याच दिवशी तुझ्याकडून लेखी जवाब घेतला. नोटीसबोर्डवरून पानाची माहिती काढायला लावली. शाळेच्या नावानं असले धंदे नकोत म्हणाले. त्याच तोंडानं परवा सभेत ते तुला डिजिटल साक्षरतेचा दीप म्हणाले. जवाब तू लिहून दिलास, दस्तखत केलंस, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सेंटरवर आलीस. बाकड्यावर बसलीस. पाणी मागितलंस. मग अगदी साध्या आवाजात विचारलंस, “सुभाष, तू काही बदललं होतं का त्यात?”

मी म्हणालो, नाही.

तू म्हणालीस, “बरं.” पाणी प्यायलीस आणि गेलीस.

मला वाटलं सुटलो. मला वाटलं, तुला कळायचं काही कारण नाही. कोड आपण तू उघडलेल्या त्या ऑनलाइन खात्यावर ठेवत होतो, मला त्यातलं चढवायचं आणि उतरवायचं तेवढं ठाऊक. तू दुरुस्ती केलीस, पान पुन्हा नीट चालायला लागलं, आपण दोघं पुन्हा व्हिडिओ बघायला लागलो. तू माझ्याशी आधीसारखीच बोलत राहिलीस. त्यावरून मी ठरवलं की तुला ठाऊक नाही. बघ, किती सोयीचं ठरवलं.

सभेनंतर तुझ्या भावानं तुझा लॅपटॉप माझ्याकडं दिला. म्हणाला, यातलं तुलाच कळेल, ताईचं पान बंद पडू देऊ नको. मी तो सेंटरवर उघडला. तुझं खातं उघडंच होतं, आणि तिथं मला आजवर न दिसलेली एक यादी होती. कोडमध्ये कोणी काय बदललं, कोणत्या दिवशी, किती वाजता, सगळं नावासकट. खाली खाली गेलो. माझं नाव, माझी ती एक ओळ, तू मंचेरियलला होतीस तो दिवस. तिच्या वर तुझं नाव आणि ती ओळ खोडलेली. मारोतीभाऊ शाळेत आला त्याच दिवशीची संध्याकाळ. त्याच्यासोबत, काय बदललं ते लिहायच्या जागी, तू लिहिलं होतंस, ‘ॲटच्या आधीचं नाव यजमान धरलं जात होतं. दुरुस्त केलं. माझ्या पाहण्यातून सुटलं होतं.’

म्हणजे दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बसून तू मला विचारलंस तेव्हा तू ते पाहून आली होतीस. ती ओळ माझ्या नावासकट वाचून आली होतीस. जवाब देऊन झाला होता, बोर्डवरची माहिती उतरली होती, तुला माझ्याकडून काही सुटका नको होती. एक ‘हो’ पाहिजे होता. मी ‘नाही’ म्हणालो आणि तू पाणी पिऊन गेलीस.

ताई, मला आधी राग आला. तुझाच. तू कानाखाली मारली असतीस तर बरं झालं असतं. दीड वर्ष एका खोट्या माणसाशेजारी बसून तू त्याला कोड शिकवत राहिलीस, त्याच्या घरच्या लग्नाला आलीस, तो आजारी पडला तर त्याचं सेंटर दोन दिवस उघडलंस. मला पारखत होतीस का? की कधीतरी सांगेल म्हणून वाट बघत होतीस? की तुझ्या लेखी ते कधीच संपलं होतं? हे विचारायला आता कोणी नाही. राग ओसरला आणि खाली पुन्हा तीच किळस होती, आणि किळसेच्याही खाली, अगदी थोडी, दुसरी एक गोष्ट. तिला कृतज्ञता म्हणायची मला लाज वाटते. मी तो शब्द वापरायचा हक्क गमावला आहे.

एजंटच्या त्या श्रद्धांजलीतली लिंक मी आपल्या पानावर टाकून पाहिली. लाल आली. तुझं काम नीट चालू आहे. एवढं बघून मी लॅपटॉप मिटला आणि रविवारी रेणुकाच्या गावची बस धरली.

रेणुका घरी होती. आता ती आदिलाबादच्या त्याच सरकारी कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, रविवारी घरी येते. मी ओसरीवर बसून तिला सगळं सांगितलं, ती ओळ, तो फोन, ते ‘नाही’. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्याकडून मला कळलं की त्या वर्षभरात तू दर महिन्याला तिच्याकडं जात होतीस. पुढच्या वर्षीचा अर्ज तिनं तुझ्यासमोर भरला. प्रत्येक पत्ता ती मोठ्यानं वाचायची आणि तू नुसती ऐकायचीस. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. त्या-त्या दिवशी शाळेतून लवकर का गेलीस म्हणून मी विचारलं की काम होतं म्हणायचीस.

रेणुकानं तुला एकदा विचारलं होतं, चूक नेमकी कोणाची. तू म्हणालीस, घाईची.

ते ऐकून माझे डोळे भरले. पोरगी उठून उभी राहिली. “दादा, तुमी इथं रडू नका,” ती म्हणाली. “माझं वर्ष गेलं, तुमी सांगून हलके होऊन राह्यले. बापूले तुमीच सांगा. वावरात हायेत. मी नाही सांगत.”

तिच्या आवाजात राग नव्हता. घरात नको असलेली वस्तू माणूस बाहेर ठेवतो, तसं होतं. मला ते बरोबर वाटलं. मी चप्पल घातली.

मारोतीभाऊ कापूस वेचत होता. कमरेला फडकं बांधलेलं, ते अर्धं भरलं होतं. मला ओळखलं त्यानं. बाई गेल्याचं वाईट झालं म्हणाला, कामामुळं सभेला येता आलं नाही म्हणाला. मग म्हणाला, त्या दिवशी शाळेत मी बाईशी तसं बोलायला नको होतं, माफी मागायची राहून गेली. माझ्यापाशी, ताई. तो माझ्यापाशी हे बोलत होता.

मी त्याला सांगितलं. उभ्यानंच, धाप लागल्यासारखं, रेणुकाला सांगितलं त्याहून कमी शब्दांत. प्रोग्राममधली ती ओळ माझी होती. बाईनं माझी चूक आपल्यावर घेतली. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

त्यानं कापसाचं बोंड हातात धरून ठेवलं होतं. ते सोडलं नाही, वेचलंही नाही. मला वाटलं शिवी देईल, मी तिची वाट बघत होतो.

“हे बाई असताना काऊन नाही सांगितलं?” त्यानं विचारलं.

हातातलं बोंड त्यानं वेचून फडक्यात टाकलं, मग वाकला, आणि पुढच्या झाडाला लागला. मी बांधावर उभा होतो, आणि तो ओळीनं वेचत वेचत माझ्यापासून लांब जात होता.